फायलीचं नाव, फायलीची जागा



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेतलं आजचं पुष्प मी गुंफावं असं कार्यवाहांनी सुचवलं, तेव्हा विषयावरून आमची बरीच घासाघीस झाली. संगणकाचा विषय म्हटला की हल्ली सगळ्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेवर ऐकायचं असतं. मी म्हटलं, त्याआधी एक साधं काम नीट होतंय का ते बघू. आपण एखाद्या संकेतस्थळावर कागद अपलोड करतो. सातबारा, रहिवासी दाखला, वीजबिल, काहीही. तो कागद पलीकडे कुठे ठेवला जातो आणि तिथे त्याला नाव काय पडतं? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते हयातभर ग्रंथपाल होते. पुस्तक कुठल्याही कपाटात हलवा, त्याचा दाखल क्रमांक तोच राहतो, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आम्हा संगणकवाल्यांना मात्र ते दर पिढीला नव्याने शिकावं लागतं.

सुरुवात उल्हासनगरपासून करतो. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या माळावर सैन्याची छावणी उभी राहिली. कल्याण कॅम्प. पाच कॅम्प, दोन हजारांहून अधिक बराकी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत आसरा मिळाला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वस्तीचं नामकरण झालं, उल्हास नदीवरून उल्हासनगर. पुढे बराकी पडल्या, त्यांच्या जागी घरं, गाळे, मग पाच-सहा मजल्यांच्या इमारती आल्या. पण आजही तिथला पत्ता कसा लिहितात? बीके नंबर अमुक, रूम नंबर तमुक, उल्हासनगर-४. बीके म्हणजे बराक. बराक उरली नाही, नंबर उरला. टपाल खात्याने १९७२ मध्ये पिनकोड आणला तेव्हा तोसुद्धा या रचनेला धरूनच बसला : ४२१००१ ते ४२१००५, शेवटचा अंक कॅम्पचा.

हा नंबर इतका टिकला कशामुळे? माझं उत्तर असं की त्याला काही अर्थ नव्हता म्हणून. कुणा लष्करी साहेबाने ओळीने बराकी मोजल्या आणि आकडे टाकले. त्यात पलटणीचं नाव नव्हतं, मालकाचं नव्हतं, जातीधर्माचं नव्हतं. त्यामुळे पलटण गेली, माणसं बदलली, देश बदलला, तरी आकडा खोटा ठरला नाही. जे काहीच सांगत नाही ते चुकीचं ठरायचं कसं?

आता याच्या उलट बाजूला या. नवशिक्या प्रोग्रामरला सांगा की नगरपालिकेच्या अर्जांबरोबर येणारे कागद साठवायचे आहेत. तो लगेच फोल्डरांची उतरंड रचतो. जिल्हा, त्यात तालुका, त्यात प्रभाग, त्यात अर्जदाराचं नाव, त्यात कागद. पहिल्या दिवशी ती फार देखणी दिसते. साहेबांना दाखवली की साहेबही मान डोलावतात, कारण त्यांच्या कचेरीतली कपाटं तशीच लावलेली असतात. आणि मग निवडणूक येते, प्रभागांची फेररचना होते, आणि सतरा नंबरच्या फोल्डरमधली अर्धी माणसं एकोणिसात राहायला लागतात, घर न बदलता.

आपल्या भागाला तर याचा दांडगा अनुभव आहे. १९८३ मध्ये कल्याण महानगरपालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यात होते; १९९२ मध्ये दोन्ही बाहेर पडले आणि आपापल्या नगरपालिका झाल्या. बदलापूरची नगरपालिका कुळगाव-बदलापूर, स्टेशन नुसतं बदलापूर. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग तर ज्याचं त्याने ठरवावं, कुणी तिसरं अक्षर झाल्यावर 'ई' घालतो, कुणी 'ए'. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला, म्हणजे त्या दिवशी 'ठाणे' या फोल्डरखालचं 'वसई' रातोरात चुकीच्या घरात गेलं. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. नावं बदलावीत की नाही हा माझा आजचा विषय नाही. फोल्डरच्या नावात जिल्हा लिहून ठेवणाऱ्यावर मात्र दर वेळी हजारो फायली हलवायची पाळी येते. फाइल हलली की तिच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक जुना दुवा तुटतो. माणसांच्या नावांचंही तेच. लग्नानंतर आडनाव बदलतं, राजपत्रात नाव बदलून घेता येतं, आणि अर्ज भरतानाची शुद्धलेखनाची चूक तर मागाहून दुरुस्त करावीच लागते.

म्हणून जाणती मंडळी साठवणुकीच्या वाटेत एकच अर्थपूर्ण गोष्ट येऊ देतात : कागद कधी आला. आल्याची तारीख झाली ती झाली, ती कुठलंही सरकार बदलू शकत नाही. वर्डप्रेस वर्ष आणि महिन्याची फोल्डरं करतं. मी जिच्यावर काम करतो त्या जँगो या संकेतस्थळं बांधायच्या चौकटीतही फाइल कुठे ठेवायची हे सांगणारी एक सोय आहे, अपलोड-टू, तिथे वर्ष, महिना, दिवस यांच्या खुणा लिहिल्या की त्या त्या दिवसाचं फोल्डर आपोआप तयार होतं. एकाच फोल्डरात लाखभर फायली कोंबल्या की ते उघडायलाही वेळ लागतो, तो प्रश्नही याने सुटतो.

महाराष्ट्रात याचा सगळ्यात ठसठशीत नमुना तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. इथे शिक्षक बसलेत, निवृत्त कारकून बसलेत, त्यांना तर तो पाठच असेल. शासन निर्णयाच्या शेवटी एक परिच्छेद असतो : हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक अमुक आहे. अठरा आकडी संकेतांक. पहिले चार अंक वर्षाचे, मग दोन महिन्याचे, दोन दिवसाचे, पुढे वेळेचे. संकेतस्थळावरून तो निर्णय उतरवून घेतला की फाइलीचं नावही तेच अठरा आकडे. त्यात 'बदली धोरण' नाही, 'महागाई भत्ता' नाही. व्हॉट्सअॅपवर असा आकडा आला की उघडल्याशिवाय कळत नाही आत काय आहे, ही तक्रार खरी आहे. पण त्यामुळेच दोन निर्णयांची नावं कधी एक होत नाहीत, विषयाचे शब्द बदलले तरी फाइल जागची हलत नाही, आणि नावांच्या क्रमाने लावल्या की फायली आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात, कारण वर्ष आधी आहे. आपण घरी '०३-०४-२४' असं लिहितो. ते तीन एप्रिल की चार मार्च, हे दहा वर्षांनी सांगणार कोण? अंबरनाथच्या शिवमंदिरातल्या शिलालेखाचा शक आधी ७८२ असा वाचला गेला होता, पुढे तो ९८२ ठरला, म्हणजे इसवी सन १०६०. एका अंकाच्या वळणावर मंदिर दोनशे वर्षं मागेपुढे झालं. दगडावरच्या अंकाला निदान झिजल्याचं कारण होतं.

मात्र शासन निर्णयाला जे शोभतं ते तुमच्या आधार कार्डाला शोभणार नाही. शासन निर्णय सगळ्यांनी वाचायचा असतो, त्याचं नाव कुणाला अंदाजाने सापडलं तर बिघडत काहीच नाही. खाजगी कागदाला मात्र ओळीने येणारा नंबर देऊन तो इंटरनेटवर उघडा ठेवणं म्हणजे चोराला जिन्याचा दिवा लावून देणं. २०१९ च्या मे महिन्यात ब्रायन क्रेब्स या अमेरिकी पत्रकाराने फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या बड्या कंपनीचं प्रकरण बाहेर काढलं. घरखरेदीच्या व्यवहारांचा विमा उतरवणारी ही कंपनी. तिच्या संकेतस्थळावरच्या दुव्यात एक क्रमांक होता. तुमच्या कागदाच्या दुव्यातला शेवटचा अंक बदला, की शेजाऱ्याचा कागद हजर. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. बँक खात्यांचे क्रमांक, करविषयक कागद, वाहन परवान्यांची चित्रं, २००३ पासूनच्या सुमारे ८८ कोटी ५० लाख नोंदी अशा उघड्यावर पडल्या होत्या. हॅकरची गरजच नव्हती, मोजता येणारं पोर पुरेसं होतं.

अशा कागदांना यूयूआयडी देतात. १२८ बिटांचा, जवळजवळ संपूर्णपणे योगायोगाने काढलेला आकडा. लिहिला की छत्तीस चिन्हांची माळ होते. अंदाज लागणं अशक्यच. पण यावर कुणी समाधान मानून झोपू नये. अवघड नाव म्हणजे कुलूप नव्हे. दुवा कुणी ईमेलमध्ये चिकटवला, कुणाच्या ब्राउझरच्या इतिहासात राहिला, की संपलं. फाइल मागणाऱ्याला ती मागायचा अधिकार आहे का, हे दर वेळी तपासावंच लागतं आणि त्यासाठी फायली संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरबाहेर ठेवाव्या लागतात. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यानंतर निदान 'आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं' ही सबब गेली.

आता ज्या भागासाठी मी खरं तर हा विषय घेतला तिथे येतो. मराठी नावं.

जँगो ही पायथन भाषेतली चौकट अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या दैनिकाच्या कचेरीत जन्मली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचं. चौकट उत्तम आहे, माझी रोजीरोटी तिच्यावर चालते. तिच्यात एक छोटं फंक्शन आहे, आलेल्या फाइलीचं नाव साफसूफ करणारं. मोकळ्या जागेऐवजी ते खालची रेघ घालतं, आणि अक्षरं, अंक, रेघा, टिंब एवढं सोडून बाकी सगळं गाळतं. हेतू चांगला आहे : अवतरणचिन्हं, प्रश्नचिन्हं, आज्ञावलीत धोका निर्माण करणारी चिन्हं जावीत. प्रश्न एवढाच की 'अक्षर' कशाला म्हणायचं.

युनिकोडमध्ये 'पा' हे एक चिन्ह नाही. 'प' वेगळा, काना वेगळा. 'प' ची नोंद अक्षर म्हणून आहे. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह यांची नोंद अक्षर म्हणून नाही, अक्षराला चिकटणारी खूण म्हणून आहे. पायथनची व्याख्या फक्त अक्षरं आणि अंक ओळखते. फ्रेंच माणसाच्या अक्षरावरचा आघात बहुधा अक्षरासकट एकाच संकेतात येतो, म्हणून तो वाचतो आणि त्याला हा प्रकार कधी जाणवतही नाही. आपली मात्रा स्वतंत्र येते, म्हणून ती केर समजून झाडली जाते. अंबरनाथचं होतं 'अबरनथ'. बदलापूरचं 'बदलपर'. विठ्ठलवाडीचं 'वठठलवड', हे तर कुणी मोठ्याने वाचून दाखवावं. 'रहिवासी दाखला' होतो 'रहवस_दखल'. 'मृत्यू दाखला' होतो 'मतय_दखल'.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण पाटील आणि पटेल यांचं काय होतं ते बघा. पाटीलमधला काना आणि वेलांटी गेली : पटल. पटेलमधली मात्रा गेली : पटल. काळे आणि कोळी, दोघेही 'कळ'. माने आणि मोने, दोघेही 'मन'. उल्हासनगरच्या एका संस्थेत सभासदांचे कागद आडनावाच्या नावाने चढवायची पद्धत होती, आणि महिन्याच्या फोल्डरात अशी 'पटल' नावाची रांग लागलेली मी पाहिली आहे. एकाच फोल्डरात एकाच नावाची दुसरी फाइल आली की जँगो ती पुसत नाही, नव्या नावाला खालची रेघ आणि इंग्रजी अक्षर-अंकांचं सात घरांचं शेपूट जोडते. पूर्वी एक, दोन, तीन असे आकडे लावायची, २०१४ च्या १.७ आवृत्तीपासून योगायोगाची सात चिन्हं लावते. म्हणून कागद शाबूत होते, फक्त कुठलं 'पटल' कुणाचं हे तिथे काम पाहणाऱ्या बाईंना एकेक उघडून बघावं लागत होतं.

पण याच शेपटांचा वैताग येऊन काही जण आपली वेगळी साठवण-क्लास लिहितात : त्याच नावाची फाइल आली की जुनी पुसायची, नवी ठेवायची. चार ओळींचं काम आहे, इंटरनेटवर तयार मिळतं, आणि एखाद्याचा फोटो बदलण्यापुरतं ते ठीकही आहे. मात्रा झडलेल्या नावांवर तेच लावलं की पटेलांचा कागद पाटलांचा कागद गिळतो. कुठे लाल अक्षरांत चूक दिसत नाही, काही अडत नाही. पाटील वर्षाने येतात तेव्हा त्यांच्या खात्यातून पटेलांचं वीजबिल निघतं.

यावरचा उपाय अवघड नाही. अपलोड-टूला ठरावीक फोल्डरऐवजी एक छोटं फंक्शन देता येतं. जँगो त्याच्या हाती दोन गोष्टी ठेवते : डेटाबेसमधली जी नोंद भरली जाते आहे ती, आणि फाइलीचं मूळ नाव. या टप्प्यावर मूळ नाव काना-मात्रेसकट धड असतं, साफसफाई त्यानंतर होते. मग फंक्शनने मूळ नावाला हात न लावता नवं नाव तयार करायचं : वर्ष, महिना, यूयूआयडी, आणि शेवटी प्रकार. आणि मूळ नाव नोंदीतल्या वेगळ्या रकान्यात जसंच्या तसं लिहून ठेवायचं. एक खाच मात्र आहे. फाइल आधी साठवली जाते आणि नोंद नंतर डेटाबेसात पडते, त्यामुळे नोंदीचा क्रमांक नावात घालू म्हणाल तर तो क्रमांक त्या क्षणी जन्माला आलेलाच नसतो. नवखी पोरं इथे हमखास अडकतात आणि फोल्डरला 'नन' असं नाव पडलेलं बघून चक्रावतात. यूयूआयडी आपण स्वतः काढतो, तो कुणासाठी थांबत नाही.

परत देताना काय करायचं? अर्जदाराने फाइल उतरवली की तिला यंत्राचं नाव दाखवायचं कारण नाही. सर्व्हर उत्तराबरोबर सांगू शकतो की ही फाइल 'वारस दाखला' या नावाने जतन कर, आणि ते नाव देवनागरीत पाठवायची रीत २०११ पासून प्रमाणित आहे. आजचे सगळे ब्राउझर ती पाळतात. म्हणजे माणसाला माणसाचं नाव, यंत्राला यंत्राचं. 'मराठी नावं सिस्टिम घेत नाही, इंग्रजीत टाका' असं खिडकीवरून ऐकायला मिळतं तेव्हा ती सिस्टिमची मर्यादा नसते, ते काम कुणीतरी केलेलं नसतं.

मूळ नाव जपायचं म्हटलं तरी मराठीत दोन-तीन खोडी उरतातच. पहिली आपल्या सगळ्यांच्या परिचयाची. जमिनीच्या उताऱ्याचं नावच मुळी ७/१२. तिरकी रेघ संगणकाच्या भाषेत फोल्डर आणि फाइल यांच्यामधली भिंत असते, त्यामुळे '७/१२ उतारा' असं फाइलीचं नाव ठेवताच येत नाही. लोक '७-१२' लिहितात, '७१२' लिहितात, अक्षरी 'सातबारा' लिहितात. सर्व्हे नंबरातही हिस्सा सांगायला तीच रेघ : ४५/२/१. गंमत अशी की तिथे ती संगणकाच्याच अर्थाने वापरलेली आहे, पंचेचाळीसच्या पोटात दोन, दोनच्या पोटात एक. याच रेघेचा गैरफायदा घेणारेही असतात. नावात दोन टिंबं आणि रेघ पुन्हा पुन्हा घातली की काही भोळे प्रोग्राम फोल्डराबाहेर चढत जातात आणि नको तिथे फाइल लिहून ठेवतात. म्हणून अर्जदाराने दिलेल्या नावावरून जागा ठरवायचीच नाही, असा दंडक पाळावा. सर्व्हे नंबर अर्जात लिहायला रकाना असतो, तिथे रेघेला मज्जाव नाही.

दुसरी खोड 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' यांची. गोऱ्हे, कऱ्हाडे, सुऱ्या. हा अर्धा र लिहायच्या दोन वाटा आहेत. एकात खास 'ऱ' आणि त्याचा पाय मोडलेला. दुसऱ्यात साधा 'र', पाय मोडायचं चिन्ह आणि मागे एक अदृश्य जोडखूण. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. यंत्राला दोन वेगळी नावं. त्यात 'ऱ' सुद्धा एक संकेत म्हणून येऊ शकतो किंवा 'र' आणि नुक्ता असे दोन मिळून, आणि जुन्या मॅक संगणकांची फाइल-व्यवस्था तो दुसऱ्या पद्धतीने फोडून ठेवायची. यातला नुक्त्याचा फरक युनिकोडच्या प्रमाणीकरणाने मिटतो, अदृश्य जोडखुणेचा मिटत नाही, तो शोधाच्या वेळी आपला आपण मिटवावा लागतो. नाहीतर गोऱ्हेबाई समोर उभ्या आणि संगणक सांगतो, या नावाचं कुणी नाही.

लांबीचंही एक बघून ठेवा. लिनक्सवर फाइलीचं नाव २५५ बाइटांपर्यंत चालतं. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन. म्हणजे मराठीला ८५ चिन्हं, काना-मात्रा धरून. 'उल्हासनगर' लिहिताना त्यातली नऊ संपतात. मुख्याधिकाऱ्यांना केलेल्या अर्जाचा अख्खा विषय फाइलीला द्यायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे आपटते.

प्रकाराबद्दल फार बोलत नाही. फाइलीच्या शेवटी 'जेपीजी' लिहिलं म्हणून ती चित्र होत नाही. आपल्या उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं आणि यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथल्या प्रत्येकाने एकदा तरी ऐकवलेला आहे. लेबल वाचू नका, कापड चाचपा. पीडीएफच्या पोटात सुरुवातीलाच तिच्या जातीचं नाव लिहिलेलं असतं, जेपीजी आणि पीएनजीचे पहिले काही बाइट ठरलेले असतात, ते तपासून मग प्रकार ठरवावा. फोटो म्हणून चढवलेली फाइल प्रत्यक्षात सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम निघाली, अशा घटनांनी अनेक संकेतस्थळं आडवी झाली आहेत.

राहिला प्रश्न जागेचा. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकरांना सांगायला नको. २०१९ च्या जुलैअखेरीस महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेही पाणी याच उल्हास नदीचं. तरीही आपल्याकडच्या कित्येक संस्थांचा सर्व्हर तळमजल्यावर, जिन्याखाली, इन्व्हर्टरच्या शेजारी असतो, कारण तिथे जागा होती. जँगोत साठवणूक हा सुटा भाग आहे. आज फायली स्वतःच्या डिस्कवर, उद्या भाड्याच्या साठवणुकीत, हा बदल मांडणीतल्या थोड्या ओळींत होतो. अॅमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून आहे, तेव्हा कागद परदेशात जातील ही भीतीही त्यासाठी बाळगायला नको. अट एकच : नोंदीत फाइलीची वाट मूळ फोल्डरापासून पुढची लिहिलेली हवी. जँगो स्वतःहून तशीच लिहिते. पण काही हौशी लोक 'डी ड्राइव्ह, ऑफिस, नवीन फोल्डर, दोन' अशी अख्खी वाट हाताने डेटाबेसात कोरतात. मग संगणक बदलला की सगळे कागद अनाथ.

आणि हे सगळं ऐकल्यावर ज्यांच्याकडे आधीच पाच-सात वर्षांच्या फायली साठल्यात त्यांचं काय, असं व्याख्यानाआधी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी विचारलं, त्याचं उत्तर देऊन थांबतो. झडलेल्या मात्रा नावावरून परत येत नाहीत. 'कळ' वरून काळे की कोळी हे कुठलंही यंत्र सांगणार नाही. पण फाइल ज्या नोंदीला बांधलेली आहे त्या नोंदीत अर्जदाराचं नाव आणि कागदाचा प्रकार असतोच, त्यावरून वाचण्यासारखं नाव पुन्हा बसवता येतं. घाईने नावं बदलत सुटू नका. आधी प्रत्येक फाइलीचा हॅश काढून यादी करा, म्हणजे आतल्या मजकुराचा ठसा. दोन वेगळ्या माणसांच्या नोंदींखाली एकच ठसा सापडला तर तिथे कागद कागदाला गिळलेला असू शकतो, ती प्रकरणं बाजूला काढा आणि त्या माणसांना बोलावून कागद पुन्हा घ्या. बाकीच्यांची नव्या नावाने प्रत करा, प्रतीचा ठसा मूळ ठशाशी ताडून बघा, मग नोंदीतली वाट बदला. जुन्या फायली त्यानंतरही लगेच पुसू नका, एक अख्खं आर्थिक वर्ष तशाच ठेवा. लेखापरीक्षक मार्चनंतरच येतात.